बाळाला मुंबईला न्यायचं, की सर्जनला इथे येऊ द्यायचं?

पत्र : वाचक ३१ वर्षांचे, सोलापूर जिल्ह्यात खत-बियाण्यांचं दुकान. पहिलीच मुलगी २७व्या आठवड्यात जन्मली, जन्माचं वजन ९४० ग्रॅम. आज ती २६ दिवसांची आहे, वजन १,०५० ग्रॅम, सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) अजून व्हेंटिलेटरवर. हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी 'पीडीए' ही नळी बंद झालेली नाही. औषधाचे दोन कोर्स झाले, फरक पडला नाही. डॉक्टर म्हणतात, आठवडाभरात ऑपरेशन करून ती बांधावी लागेल. त्यासाठी पुण्याहून सर्जन आणि भूलतज्ज्ञ येतील आणि ऑपरेशन थिएटरमध्ये न नेता एनआयसीयूतच होईल. थोरल्या भावाचं म्हणणं, गाडी ठरवा आणि मुंबईला, परळच्या वाडिया हॉस्पिटलात हलवा. आई म्हणते, 'थेटर सोडून वॉर्डात कुणी चिरफाड करतं का?' सासऱ्यांना वाटतं, हॉस्पिटलला पेशंट हातचा घालवायचा नाही. वाचक लिहितात, 'पैशाचं मी बघतो. तिच्यासाठी योग्य जागा कोणती एवढंच सांगा.'

दादा,

तुमचं पत्र थांबण्यासारखं नाही म्हणून रांग मोडून आधी घेतलं. मी डॉक्टर नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच. एनआयसीयूत सिस्टर म्हणून लागले आणि इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. तुमच्या लेकीचा इको (हृदयाची सोनोग्राफी) मी पाहिलेला नाही, तेव्हा 'न्या' किंवा 'नेऊ नका' असा हुकूम माझ्याकडून मिळणार नाही. पण कुणाला काय विचारायचं आणि कुणाचं किती मनावर घ्यायचं, ते सांगते.

तुमच्या आईंपासून सुरुवात करू. त्यांचा प्रश्न रास्त आहे. आपण आजवर पाहिलेलं प्रत्येक ऑपरेशन थिएटरातच झालेलं असतं. पेशंट स्ट्रेचरवर आत जातो, दाराबाहेर लाल दिवा लागतो. वॉर्डात ऑपरेशन म्हटलं की भागवाभागवी वाटणारच. पण थिएटर सगळ्यांसाठी सोयीचं का असतं? कारण मोठ्या माणसाला स्ट्रेचरवर घालून या मजल्यावरून त्या मजल्यावर नेलं तरी त्याचं फारसं काही बिघडत नाही. तुमच्या मुलीचं तसं नाही.

ती एक किलोची आहे. तिच्या घशात जी श्वासाची नळी आहे ती आतून दोन-अडीच मिलिमीटर रुंद, आणि ओठांपाशी साधारण सात सेंटिमीटरच्या खुणेवर चिकटपट्टीने धरून ठेवलेली असते. ती अर्धा-पाऊण सेंटिमीटर आत सरकली की एकाच फुप्फुसात हवा जायला लागते, तेवढीच बाहेर सरकली की निसटते. तिला थिएटरात न्यायचं म्हणजे व्हेंटिलेटर काढून हाताने फुगा दाबत किंवा छोट्या व्हेंटिलेटरवर घालत पेटीतून दुसऱ्या पेटीत ठेवायचं, मग कॉरिडॉर, मग लिफ्ट. लिफ्टच्या उंबऱ्याला चाक अडखळतं, तो धक्का मोठ्यांना जाणवतही नाही. मग थिएटरचा एसी. एक सिस्टर नळीला हात लावून चालते, दुसरी सलाईनचे पंप सांभाळते, तिसरी नुसती मॉनिटरकडे बघत असते. तेवढ्यात अंगाचं तापमान ३६ च्या खाली गेलं, रक्तदाब वरखाली झाला, तर या वजनाच्या बाळाच्या मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना ते सोसेलच असं नाही. आणि हे सगळं परत येतानाही. ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचं, पण त्याआधीचा आणि नंतरचा प्रवासच कधीकधी बाळाला जास्त महागात पडतो.

म्हणून जगात बऱ्याच ठिकाणी उलटं करतात. बाळ जागेवर ठेवतात आणि थिएटर त्याच्यापाशी आणतात. अशा ऑपरेशनांचे अनुभव १९८० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत येत आहेत. जंतुसंसर्ग वाढेल अशी जी भीती असते ती त्या अनुभवांत खरी ठरलेली दिसत नाही. अमेरिकेत तर एका गावची टीम दुसऱ्या गावच्या एनआयसीयूत जाऊन हे ऑपरेशन करून येते, तुमच्याकडे पुण्याहून येणार आहेत तशीच. तेव्हा तुमचे डॉक्टर काही अडाणी जुगाड करत नाहीत, एवढं आईंना नक्की सांगा.

ते होतं कसं, हेही सांगा. कोपरा पडदे लावून बंद करतात, नातेवाईकांचं येणं-जाणं थांबवतात, आतले सगळे टोपी-मास्क-गाऊनमध्ये. बाळ वरून ऊब देणाऱ्या वॉर्मरवर उजव्या कुशीवर. डाव्या खांद्याच्या पात्याखाली छोटासा छेद, दोन बरगड्यांमधून आत, फुप्फुस हलकेच बाजूला धरायचं, आणि ती पीडीएची नळी दोऱ्याने बांधायची किंवा धातूची इवलीशी क्लिप लावायची. हृदय उघडायचं नसतं, हार्ट-लंग मशीन लागत नाही. म्हणून तर हे थिएटरबाहेर जमतं. हृदयाचं छिद्र शिवायचं असतं किंवा उलटसुलट झालेल्या रक्तवाहिन्या बदलायच्या असत्या, तर मीच तुम्हाला म्हटलं असतं की भावाचं ऐका.

आता दुसरी बाजू. एनआयसीयूतला उजेड थिएटरसारखा नसतो, सर्जन डोक्याला दिवा लावून काम करतात. जागा अडचणीची. एखादं हत्यार कमी पडलं तर ते शेजारच्या खोलीत नसतं. रक्तस्राव झाला तर वेळ फार थोडा मिळतो, कारण तिच्या अंगात सगळं मिळून रक्त किती, नव्वद-शंभर मिली, टपरीवरच्या कटिंग चहाएवढं. त्यामुळे छेद घ्यायच्या आधी क्रॉसमॅच केलेलं (तिच्या रक्ताशी जुळवून पाहिलेलं) रक्त तिच्या उशाशी आणून ठेवलेलं असलं पाहिजे. रक्तपेढीत 'सांगून ठेवलंय' हे उत्तर चालवून घेऊ नका.

तुमच्या पत्रात थिएटर, एनआयसीयू, वाडिया, पुणे, मुंबई, सगळं आलं. एक गोष्ट मात्र आली नाही आणि माझ्या मते सगळा निर्णय तिच्यावर आहे. संध्याकाळी पुण्याचे डॉक्टर गाडीत बसून परत गेले की रात्री तिच्यापाशी कोण?

याचं कारण असं. ती नळी उघडी असेपर्यंत तिच्या हृदयाला एका पद्धतीने काम करायची सवय झालेली असते. नळी बांधली की एका क्षणात सगळा दाब बदलतो. काही बाळांचं हृदय हा बदल लगेच पेलत नाही, आणि ते दिसतं ऑपरेशननंतर सहा-बारा तासांनी. दुपारी दोनला ऑपरेशन झालं तर रात्री आठ ते पहाटे दोन. रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, व्हेंटिलेटरचं प्रेशर वाढवावं लागतं. त्या वेळी इको करून हृदय कसं चाललंय ते बघणारं आणि कोणतं औषध चालू करायचं हे ठरवणारं माणूस तिथे हवं. फोनवर पुण्याला विचारून चालतं, पण ज्याने विचारायचं आणि करायचं तो जागा आणि अनुभवी हवा. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा : त्या रात्री ड्युटीवर नवजात बालकांचे तज्ज्ञ स्वतः असतील, की निवासी डॉक्टर? रात्री इको होऊ शकतो? एका सिस्टरकडे त्या रात्री किती बाळं? (शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारा. एका सिस्टरकडे चार बाळं असतील तर तुमच्या बाळासाठी वेगळी सिस्टर मागा.) छातीत हवा किंवा पांढरट द्रव साठला, परत उघडायची वेळ आली, तर सर्जन किती वेळात पोचतील, की सोलापुरातच त्यांच्या बदली कुणी आहे?

आणि हेही विचारा की ही टीम तुमच्याच एनआयसीयूत याआधी येऊन हे ऑपरेशन करून गेली आहे का. येऊन गेलेली असेल तर सिस्टरांना माहीत असतं की ते काय मागतील, लाइट कुठे लावायचा, वॉर्मर किती वर घ्यायचा. पहिलीच वेळ असेल तर मी जरा विचार करेन. हे विचारल्याने डॉक्टर दुखावतील असं मनात आणू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नांना खुर्ची ओढून उत्तर देतो. 'तुमचा आमच्यावर विश्वास नाही का' असं कुणी म्हणालं, तर तेही एक उत्तरच आहे.

ही उत्तरं समाधानाची आली तर माझा कल इथेच करण्याकडे. नाही आली तर हलवा, पण बाळ स्थिर आहे तोवर हलवा. प्रकृती ढासळल्यावर, रात्री अकराला, मिळेल त्या गाडीने नेणं हे सगळ्यात वाईट, आणि दुर्दैवाने आपल्याकडे बहुतेक वेळा तेच होतं.

हलवायचं ठरलं तर भाऊंना सांगा की 'गाडी करू' इतकं ते सोपं नाही. सोलापूर-मुंबई चारशेच्या आसपास किलोमीटर. वाडियाचं नाव मोठं आहे आणि ते उगाच झालेलं नाही, पण तिथे पोचायच्या आधीचे सात-आठ तासही तिचेच आहेत. गाडीत ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटर हवा, नवजात बाळाला चालणारा व्हेंटिलेटर हवा, पुरून उरेल इतका ऑक्सिजन हवा आणि या वजनाच्या बाळाला पुन्हा नळी घालता येईल असा डॉक्टर किंवा तशी सिस्टर हवी. साध्या अॅम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हर आणि ऑक्सिजन सिलिंडर एवढ्यावर हे बाळ नेऊ नये. आणि तिकडे व्हेंटिलेटरचा बेड मोकळा आहे हे तुमच्या डॉक्टरांनी तिकडच्या डॉक्टरांशी बोलून पक्कं केल्याशिवाय गाडी गेटाबाहेर काढू नका. 'ओळखीचा माणूस आहे, पोचलं की करतो' यावर तर मुळीच नाही. पुण्यात सोय होत असेल तर ते अडीचशे किलोमीटरवर आहे हेही ध्यानात घ्या. मुंबईचाच हट्ट कशासाठी?

मुंबई-पुण्याला फोन मात्र जरूर करा, दुसऱ्या एका कारणासाठी. हल्ली ही नळी छाती न उघडता, मांडीतल्या शिरेतून बारीक तार घालून, छोट्या डिव्हाइसने बंद करता येते. ७०० ग्रॅमच्या पुढच्या बाळांसाठी बनवलेल्या अशा एका डिव्हाइसला अमेरिकेत २०१९ मध्ये मंजुरी मिळाली आणि आपल्याकडेही काही मोठ्या केंद्रांत ते वापरतात. सगळ्याच नळ्यांचा आकार त्याला चालतो असं नाही, आणि त्यासाठी बहुधा कॅथलॅबमध्ये (अशी तार घालायच्या खास खोलीत) न्यावंच लागतं. पण तुमच्या मुलीला ते लागू पडतं का, हे लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञाला इकोचे व्हिडिओ पाठवून विचारता येतं. बाळ न हलवता दुसरं मत मिळतं. भाऊंची धडपड या कामाला लावा. गाडी शोधण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं.

त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, ऑपरेशन आत्ताच हवं का. पोटात असताना ही नळी प्रत्येक बाळाला असते. पूर्ण दिवसांच्या बाळाची दोन-तीन दिवसांत मिटते, कमी दिवसांच्या बाळाची राहते, पण त्यांतल्याही बऱ्याच नळ्या नंतर आपल्या आपण मिटतात. म्हणून हल्ली डॉक्टर पूर्वीपेक्षा जास्त धीर धरतात. २०२३ मध्ये नेदरलँड्समधला आणि २०२४ मध्ये ब्रिटनमधला असे दोन मोठे अभ्यास आले. २८-२९ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना ही नळी मिटवायचं औषध पहिल्याच दिवसांत घाईने दिल्याने फायदा झालेला त्यांत दिसला नाही. ते अभ्यास औषधाबद्दलचे आहेत, ऑपरेशनबद्दलचे नाहीत, आणि तुमची मुलगी पहिल्या दिवसांतली नाही. चौथ्या आठवड्यात व्हेंटिलेटर सुटत नाही, हृदय मोठं होत चाललंय, दूध पचत नाही, असं असेल तर वाट बघण्याचीही किंमत असते. तेव्हा विचारायचं ते असं : 'ही नळी आज तिचं नेमकं काय बिघडवते आहे, आणि आणखी आठवडा थांबलो तर काय होईल?' नळी किती मिलिमीटरची आहे हा आकडा पाठ करून तुम्हाला काही कळणार नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून कळेल.

दोन, इको लहान मुलांच्या हृदयाच्या जाणकाराने पूर्ण केलेला आहे ना. काही बाळांच्या हृदयात दुसरा दोष असतो आणि त्यांचं रक्ताभिसरण याच नळीवर चाललेलं असतं. अशा बाळाची नळी बंद होऊ नये म्हणून उलट औषधाची ड्रिप लावावी लागते. तुमच्या डॉक्टरांनी हे पाहिलंच असणार, औषधाचे कोर्स देण्याआधीच पाहतात. पण बांधायच्या आधी एकदा 'बाकी हृदय नॉर्मल आहे ना' हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐका.

पत्राच्या शेवटी तुम्ही कंसात लिहिलंय, 'वॉर्डात केलं तर भूल नीट देतील का? तिला दुखेल का?' हे कंसात कशाला? १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या नामांकित हॉस्पिटलांतही अशा बाळांना नुसतं हालचाल थांबवणारं औषध देऊन, वेदनेवर जवळजवळ काहीच न देता कापत असत. इतक्या लहान जिवाला दुखत नाही अशी समजूत होती. ऑक्सफर्डमध्ये डॉ. कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं याच, पीडीएच्या ऑपरेशनच्या बाळांवर काम करून १९८७ मध्ये दाखवून दिलं की वेदनाशामक फेंटानिल दिलेल्या बाळांच्या शरीरावर कमी ताण येतो आणि नंतर गुंतागुंतही कमी होते. हे आनंद इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. आज भूल ही जागेवर अवलंबून नाही, औषध शिरेतूनच जातं, मग ती थिएटरात असो की वॉर्मरवर. पुण्याहून येणारे भूलतज्ज्ञ नवजात बाळांना नेहमी भूल देणारे आहेत ना आणि ऑपरेशननंतरच्या दोन दिवसांत दुखण्यावर काय देणार, एवढं विचारा.

धोके कोणते, तेही संमतीपत्रावर सही करायच्या आधी शांतपणे ऐकून घ्या. त्या पीडीएच्या नळीला लागूनच आवाजाची एक नस जाते. तिला धक्का लागला तर रडण्याचा आवाज घोगरा होतो, दूध गिळताना ठसका लागतो. मुंबईत केलं तरी ती नस तिथेच असते. ऑपरेशननंतर श्वासाची नळी निघाल्यावर तिचा आवाज कसा येतो ते ऐका, आणि बसका वाटला तर पहिलं दूध तोंडाने देण्याआधी सांगा.

सासऱ्यांच्या संशयाबद्दल थोडंच बोलते. खासगी हॉस्पिटलांनी असा संशय यावा असं वागून ठेवलेलं आहे, सासऱ्यांना दोष देत नाही. पण पेशंट हातचा सोडायचा नसता तर बाहेरून टीम बोलावायची जोखीम आणि हिशोबाची वाटणी डॉक्टरांनी कशाला पत्करली असती? खर्चाचा अंदाज लेखी मागा, त्यात बाहेरच्या टीमची फी वेगळी दाखवायला सांगा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं हॉस्पिटल आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे योजनेतल्या हॉस्पिटलात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. 'पैशाचं मी बघतो' म्हणालात, चांगलं आहे, पण एनआयसीयूचं बिल ऑपरेशनवर थांबत नसतं. अजून दीड-दोन महिने काढायचे आहेत.

आणि दादा, पत्रात भाऊ आले, आई आली, सासरे आले. बाळाची आई कुठे आहे? ती दर तीन तासांनी दूध काढून पेटीपाशी नेऊन देत असेल. डॉक्टर राउंडला काय बोलले, कोणत्या सिस्टरचा हात हलका आहे, रात्रीची पाळी कशी चालते, हे तुमच्या घरात तिच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. डॉक्टरांशी बोलायला जाल तेव्हा दोघंच जा. बाकीच्यांना बाहेर बसवा. बारा माणसांसमोर डॉक्टर सावध बोलतो, आईबापासमोर मोकळं बोलतो.

ठरवताना तुमच्या डोक्यात आणखी एक चाललं असणार, तुम्ही लिहिलं नाहीत तरी. इथे केलं आणि काही झालं तर लोक म्हणतील, मुंबईला नेलं असतं तर. तिकडे नेलं आणि वाटेत काही झालं तर म्हणतील, हलवलं कशाला. म्हणणारे दोन्हीकडे म्हणणारच आहेत. त्यांच्यासाठी चारशे किलोमीटर जाऊ नका.

ऑपरेशन कुठेही करा, एक तपासणी या धावपळीत मागे पडू देऊ नका : डोळ्यांची. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच पहिल्यांदा बघायचा असतो, कारण आरओपी (कमी दिवसांच्या बाळांना होणारा पडद्याचा आजार) झाला आणि वेळेत लेझर मिळाला नाही तर नजर जाऊ शकते. ती २६ दिवसांची आहे. फाइलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांची नोंद आहे का ते उद्या सकाळच्या राउंडला बघायला सांगा, आणि नसेल तर त्यांना एनआयसीयूतच बोलावून घ्या.